बीर सल्वानचा शेवटचा बिल्ड

"एकच फ्लॅग, एकच बिल्ड. बास," नजीबाचा साहेब वज्दी म्हणाला. "जुन्या प्रोसेसरचे लाड आता पुरे झाले, लल्ला नजीबा."

नजीबाने पडद्यावरून नजर काढली नाही. ट्युनिशियातल्या स्फॅक्स शहरातल्या त्या कंपनीत दवाखान्यांसाठी रक्ततपासणीचा प्रोग्राम बनत असे; मानाने बोलताना तिथे बाईला लल्ला, पुरुषाला सी म्हणत. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी त्या प्रोग्रामची वेगळी आवृत्ती, म्हणजे बिल्ड, बांधायचं काम ती लग्नाआधीपासून करत आली होती. लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला कुठे कोणता फ्लॅग, म्हणजे कोणती खास सूचना, द्यायचा, कुठे चुकूनही द्यायचा नाही, हे तिच्याकडे. नव्या प्रोसेसरचा फ्लॅग लावला की प्रोग्राम पळत सुटे. जुन्या कॉम्प्युटरवर मात्र तो उघडायच्या आतच मरे.

"बीर सल्वान गावच्या दवाखान्यातला जुना कॉम्प्युटर अडून बसेल, सी वज्दी."

"नवा घेतील की."

"कोण घेऊन देणार? तिथे डॉक्टरसुद्धा टिकत नाही."

वज्दी माणूस वाईट नव्हता. "वरून ठरलंय," तो हळू म्हणाला. "त्यांना मेल जाईल."

"मेल नको. मी जाते."

"एवढ्या लांब? वाचता येतं त्यांना."

"वाईट बातमी आहे. तोंडाने सांगावी."

जुन्या प्रोसेसरसाठी तिने शेवटचा बिल्ड बांधला, चाचण्या स्वतः पाहिल्या आणि दक्षिणेला बीर सल्वानकडे जाणारी भाड्याची गाडी पकडली.

दवाखान्यातली नर्स मबरूका तिला आजवर फक्त फोनवरच्या आवाजाने माहीत होती. प्रत्यक्षात ती बरीच थकलेली निघाली. नजीबाने प्रोग्राम बसवला, चालवून दाखवला.

"यापुढे यावर नवीन काही येणार नाही, लल्ला मबरूका. आहे ते चालेल. बिघडलं तर दुरुस्ती नाही."

"म्हणजे आता आमचं आम्हीच सांभाळायचं."

"हो."

मबरूका म्हणाली, "गावची बस बंद केली तेव्हा कुणी सांगायलासुद्धा आलं नाही. आम्ही आपले फाट्यावर उभे." मग ती उठली. "जेवल्याशिवाय जायचं नाही हं. कालचं कुसकुस आहे, चालेल ना?"

परतल्यावर वज्दी म्हणाला, "जुन्या प्रोसेसरसाठीच्या ओळी काढायला दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको. मी लिहिल्यात, मीच पुसते."

तिने ओळी पुसल्या, बिल्ड पुन्हा चालवला. कुठेही काही अडलं नाही. जेवणाची वेळ झाली, सगळे उठून गेले. नजीबा मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून, मयताच्या घरी बसावं तशी बसून राहिली.