न्याय दारात आला तेव्हा

तारांनी आवळलेल्या जबड्यातून वस्तीतल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक भारत प्रार्थनागृहात बसून नळीने पेज ओढत होता. त्याच्या बायकोने, महानंदाने, वाटी धरली होती. तेवढ्यात बाहेरून दार कुणीतरी दोन्ही मुठींनी बडवू लागलं.

"उघडा. मारून टाकतील मला."

आवाज दोघांनीही ओळखला. नगरसेवक पृथ्वीराज.

मागच्या महिन्यात भारतने उपदेशात बायबलातला मीखा संदेष्टा सांगितला होता: पुढारी लोकांची कातडी सोलतात, हाडं मोडून हंड्यात शिजवतात, आणि देव त्यांचा हिशेब केल्यावाचून राहत नाही. मग त्याने खिडकीतून दिसणाऱ्या नव्या पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. "ही नुसती वाळू हाय. सिमेंट कुणाच्या बंगल्याला गेलं, ते सगळ्यांना ठावं हाय."

त्याच संध्याकाळी पृथ्वीराजची माणसं आली. महानंदाच्या डोळ्यांदेखत त्यांनी भारतला ओट्यावर पाडलं आणि सळईने त्याचा जबडा फोडला.

आज सकाळी टाकी कोसळली. पाण्याला उभ्या असलेल्या बाया-पोरी खाली चिरडल्या. शेजारच्या तानाबाईची नात वैष्णवी त्यातच गेली. पृथ्वीराज पाहणीला आला आणि वस्तीने त्याला घेरलं.

महानंदा उठली तसं भारतने तिचं मनगट धरलं. त्याने सावकाश मान हलवली. नाही. त्याच्या डोळ्यांत असली चमक तिने प्रार्थनेच्या वेळीही कधी पाहिली नव्हती.

बाहेर काहीतरी दाणकन आपटलं. हाका थांबल्या, नुसतं कण्हणं उरलं. महानंदाने मनगट सोडवून घेतलं, कडी काढली. पृथ्वीराज उंबऱ्यावर कोसळला. त्याचा एक कान लोंबत होता. काखेत हात घालून तिने त्याला आत ओढलं, स्वतः बाहेर आली आणि पाठीमागे दार लोटून घेतलं.

पायऱ्यांवर माणसं थबकली. सगळ्यांच्या पुढे तानाबाई होती. लुगडं धुळीने पांढरं झालेलं, हातात टाकीचा ढपला.

"आत घेतलंस त्याला?"

"व्हय."

"तुज्या नवऱ्याचं त्वांड फोडलं त्यानं."

"फोडलं की."

"मग सर बाजूला."

महानंदा सरली नाही. तानाबाईने हात उगारला आणि ढपला भिरकावला. महानंदाच्या गळ्याजवळचं हाड कडकन मोडलं. ती दाराला टेकली, पण खाली बसली नाही. तानाबाई आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली. मागून कुणीही दुसरा दगड उचलला नाही.

"लई लागलं का गं?" तानाबाईने हळूच विचारलं.

महानंदा उत्तर देणार, तोच पाठीमागे आतून कडी लागली. मग एक बोथट आवाज आला. पाठोपाठ दुसरा. पृथ्वीराज जनावरासारखा ओरडला.

"आत कोण हाय?" तानाबाई म्हणाली.

"आमचे मालक हायती."

महानंदा वळली. धड असलेला खांदा तिने दाराला लावला आणि रेटा दिला. दार हललं नाही. आतले घाव थांबत नव्हते. तिने पुन्हा रेटा दिला. डोळ्यांपुढे अंधारी आली.

तानाबाई पायऱ्या चढून वर आली. तिने पदर कमरेला खोचला आणि महानंदाच्या शेजारी दाराला खांदा लावला.