दोराचं दुसरं टोक

आमच्या बोटीला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. नाव देण्याची तिची लायकीही नव्हती. तळ सपाट, अंग पत्र्याचं, आणि समुद्र जरा हलला की दारुड्यासारखी झोकांड्या खायची. मोठ्या जहाजांवरचे खलाशी वरून ओरडून विचारायचे, हे डबडं डिझेलवर चालतं की नवसावर. पायदळाची पोरं तर चढली की ओकायला सुरुवात. मी हार्लन स्टोक, अमेरिकेतल्या आयोवाचा, बोटीवरचा एकुलता एक स्वयंपाकी. सकाळी मी त्यांच्यासाठी पातेलंभर बीन्स शिजवायचो आणि दुपारी तेच बीन्स डेकवरून धुऊन काढायचो. याला देशसेवा म्हणतात.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. बोट किनाऱ्याच्या वाळूत घुसवायची, पुढच्या दोन्ही बाजूंच्या शिड्या खाली सोडायच्या आणि सैनिकांना उतरवायचं. पाणी छातीएवढं, पाठीवर मणाचं ओझं. पाय घसरला की माणूस तळाशी. म्हणून दोराचं एक टोक डेकवरच्या खुंट्याला बांधायचं आणि दुसरं घेऊन आमच्यातला एक जण आधी उडी मारायचा, किनारा गाठायचा आणि दोर ताणून धरायचा. त्याला धरून बाकीचे जायचे. या कामाचा हुकूम कुणालाच द्यायचा नाही, ज्याला जायचंय तो आपणहून पुढे येतो, अशी आमच्याकडची रीत. आमच्या बोटीवर तो आल्फे ब्रूसार होता. लुईझियानाच्या दलदलीत कोळंबी पकडत वाढलेला, बडबड्या, पत्ते खेळताना सरळ सरळ लबाडी करणारा. उतरायच्या दिवशी त्याला मी खरी अंडी द्यायचो, बाकीच्यांना भुकटीची. कॅप्टनलासुद्धा भुकटीचीच.

कॅप्टन ऑल्डन थेयर बोस्टनचा. बापाची शिडाची बोट होती, आणि ती बोट रोज जेवणात आमच्या ताटात वाढली जायची. माणूस दिसायला फार देखणा. देवानं सगळा माल दुकानाच्या दर्शनी भागातच लावला होता.

न्यू गिनीच्या एका किनाऱ्यावर, जपान्यांच्या तोफांपुढे, त्या मालाची पारख झाली. अर्धे सैनिक उतरले होते, वीसेक जण दोराला धरून पाण्यात होते, आणि बोटीजवळ तोफेचा गोळा पडला. दुसरा त्याहून जवळ. थेयर वरून धावत खाली आला, माझ्या स्वयंपाकघरात शिरला आणि मटण तोडायचा सुरा घेऊन बाहेर पडला. दोन घावांत त्यानं दोर तोडला. शिड्या ओढा, बोट मागे घ्या, असं तो किंचाळत होता. दोर ढिला पडला तशी पाण्यातली माणसं कोलमडली. काही उठली, काही नाही उठली. आल्फे किनाऱ्यावर दोराचं टोक हातात घेऊन आमच्याकडे बघत उभा होता.

वर कळवताना थेयरनं सांगितलं, ब्रूसार दोर टाकून पळाला, म्हणून माणसं बुडाली. चोराच्या उलट्या बोंबा. दुय्यम अधिकाऱ्याला विचारलं तर म्हणे, त्या वेळी त्याचे डोळे होकायंत्रावर होते. आम्हा बाकीच्यांना कुणी विचारलंच नाही.

आठवड्यानं आल्फे दुसऱ्या एका बोटीतून परत आला, अंगावर कुणा मेलेल्या सैनिकाचा सदरा. थेयरनं रंगाचे डबे बाहेर काढून त्याला रंगाच्या कोठडीत कोंडलं. बंदरात पोचलो की त्याला लष्करी कोर्टाच्या ताब्यात देणार होते. शत्रूच्या तोफांपुढून पळणं, म्हणजे गळ्याभोवती फास. डब्यातून कॉफी नेली तेव्हा आल्फे मला म्हणाला, आईला काय सांगतील ते बघ जरा. त्याला एवढीच धास्ती होती.

पण बंदराआधी आणखी एक किनारा आला. नवी पलटण चढली, तिचा मेजर लुंडक्विस्ट, मिनेसोटाचा, शेतकऱ्यासारखा जाडजूड. पहाटे त्यानं डेकवर विचारलं, दोर कोण नेणार. कुणी हललं नाही. थेयरनं रीत मोडून नावं घेतली, तरी ज्याचं नाव घ्यावं तो आपल्या बुटांकडे बघायचा. मी मेजरला कॉफी देताना हळूच सांगितलं, दोरवाला रंगाच्या कोठडीत आहे.

आल्फेला बाहेर आणलं. उजेडानं त्याचे डोळे मिचमिचत होते.

"नेशील?" मेजरनं विचारलं.

"नेईन की. तुमच्या पोरांनी माझं काय वाकडं केलंय?" आल्फे म्हणाला. "पण या खुंट्याला वेढे दिल्यावर जे टोक उरेल, ते कॅप्टनसाहेबांच्या कमरेला. गाठ मी मारणार."

थेयर लाल झाला. कॅप्टनची जागा वर असते, असं काहीतरी बोलला.

"वर तुमचा दुय्यम आहे," मेजर म्हणाला. "दोराशिवाय माझा एकही माणूस उतरणार नाही. का नाही उतरला, ते मी वर सांगेन."

तेव्हा आमचा देखणा कॅप्टन बैलासारखा खुंट्याशी बांधला गेला. गाठ पाठीमागे, ओली, आणि कोळ्यानं मारलेली.

आल्फे उडी मारून गेला. दोर ताणला, सैनिक उतरू लागले. मग गोळे यायला लागले. थेयरची विजार ओली झाली. समुद्राच्या पाण्यानं झाली, असं मी मोठ्या मनानं धरून चालतो. मी शिडीपाशी उभा होतो. त्यानं मला खुणावून जवळ बोलावलं.

"कुकी, तुझा सुरा आण. लवकर."

"धार लावायला काढलाय, साहेब," मी मोठ्यानं म्हणालो. "मागच्या वेळी तुम्ही दोर तोडलात ना, बोथट झालाय."

शिडीवर पाय ठेवलेला मेजर थांबला. त्यानं थेयरकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, पाण्यात थुंकला आणि उतरून गेला.

त्या दिवशी दोरावरचा एकही माणूस बुडाला नाही. आल्फे परत आला, वर चढला आणि त्यानं गाठ सोडली. मेजर जिवंत राहिला, आणि त्याची साक्ष काय असेल हे थेयरला न सांगता कळत होतं. कोठडीला पुन्हा रंगाचे डबे मिळाले. आल्फेवरच्या आरोपाचं नाव कुणी काढलं नाही.

पण शेजारच्या बोटीवरून कुणीतरी दुर्बिणीतून पाहिलं होतं: भर तोफांच्या माऱ्यात एक कॅप्टन उघड्यावर, सैनिकांचा दोर अंगाला बांधून ठाम उभा. थेयरला पदक मिळालं. ज्या दोघांना ते खरं मिळायला हवं होतं ते म्हणजे आल्फे आणि ती गाठ.

पदकाच्या दिवशी थेयरनं मला केक करायला लावला. केला. शेजारच्या बोटींवरचे अधिकारी आले, भाषण झालं, सगळे टेबलाभोवती जमले. थेयरनं छाती पुढे काढून हात लांब केला आणि केक कापायला सुरी मागितली.

मी त्याच्या हातात चमचा ठेवला.