धरून ठेवलेलं

इझाबेलने तळहातावर खोबरेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि थेरेसाबाईंच्या पोटावर उजवीकडे खाली, कंबरेच्या हाडाजवळ टेकवले. पोट पाटासारखं ताठ होतं.

"श्वास सोडा, आई."

"सोडलाय."

सोडलेला नव्हता. थेरेसाबाई कौलांकडे बघत होत्या. लुगड्याचा पदर त्यांनी हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता आणि गुडघ्यांखाली ठेवलेली उशी पायांनी घट्ट दाबून धरली होती.

"त्यापेक्षा एरंडेल दे मला. ह्याने काय होणार?"

"मॅडमनी बंद करायला सांगितलंय."

एरंडेल, इसबगोल, वैद्याची काळी पूड, शेवटी दवाखान्यातला एनिमा, सगळं करून झालं होतं. त्रास जुनाच होता; पण विहिरीच्या काठावर पडून मांडीचं हाड मोडल्यापासून फारच वाढला. खाली बसता येईना म्हणून सुताराकडून बैठकीला भोक पाडलेली उंच खुर्ची करून घेतली होती. तिच्यावर त्या सकाळभर पाय लोंबकळत बसून राहत आणि तशाच उठत. जेवण तुटलं होतं. पेजेची वाटीसुद्धा अर्धी परत जाई. ईस्टरपर्यंत म्हातारी टिकत नाही, असं शेजारणी इझाबेलच्या देखतच म्हणू लागल्या होत्या.

मिशनच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा वांद्र्याहून फ्लॉसी मॅडम येत. पोलिओची मुलं आणि हाडं मोडलेली माणसं यांना त्या व्यायाम शिकवायच्या. मांडीच्या व्यायामासाठी गेलेल्या थेरेसाबाईंना डॉक्टरांनी पोटासाठीही त्यांच्याकडेच पाठवलं. हाडांच्या बाईचं पोटात काय काम, असं इझाबेलला वाटलं होतं.

फ्लॉसी मॅडमनी त्यांच्या पोटावर हात ठेवला होता. "मावशी, संडासला बसल्यावर करता तसा जोर करा बघू."

थेरेसाबाई लाजल्या. मग त्यांनी श्वास कोंडला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या.

"थांबा, थांबा. वरून जोर लावता आणि खालून तुम्हीच आवळून धरता. मग बाहेर येणार कसं? केव्हापासूनची सवय ही?"

थेरेसाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा घरात कुठे होता संडास? वाडीच्या टोकाला, केळींच्या मागे जायचं. उजाडायच्या आत, जावेबरोबर. ती उठली नाही तर राहिलं. दिवसा वाडीत गडी असायचे, सासरे असायचे."

"मग दिवसभर?"

"धरून बसायचं. सगळ्याच बसायच्या."

"आता तर घरात सोय आहे. कोणी अडवत नाही."

"अडवायला उरलंय कोण?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे, मावशी. शरीराला अजून ठाऊक नाही." फ्लॉसी मॅडमनी त्यांचा पदर सारखा केला. "त्याला हळूहळू सांगावं लागतं."

मग त्यांनी इझाबेलला जवळ बोलावून हात कसा फिरवायचा ते दाखवलं. उजवीकडून वर, बरगड्यांच्या खालून आडवा, मग डावीकडून खाली. घड्याळाच्या काट्यांसारखा, उलटा कधीच नाही. सकाळी गरम पाणी आणि चार घास पोटात गेले की खुर्चीवर बसवायचं, पायांखाली पाट द्यायचा, म्हणजे गुडघे वर येतात. पुढे वाकून बसायचं. जोर करायचा नाही. गरम पेजेवर फुंकर घालावी तसा श्वास सोडायचा आणि खालचं सैल सोडायचं.

"रोज करायला हवं. महिना, दीड महिना लागेल. घरी कोण आहे?"

"मीच," इझाबेल म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

ईस्टर झाल्यावर तिचं लग्न होतं. आगाशीचा सिप्रियन, दोन मुलांचा बाप, बायको बाळंतपणात गेलेली. तिचा भाऊ ॲन्सेल्म याने सगळं जुळवलं होतं. ही गोष्ट तिने सासूला सांगितली नव्हती. तिचा नवरा गॅब्रिएल कामणच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला त्याला चार वर्षं झाली होती. त्याची बहीण रिटा माहीमला एका खोलीत संसार करत होती. आईला नेणं तिला शक्य नव्हतं. आईंचं पोट जरा ताळ्यावर येऊ दे, मग सांगेन, असं इझाबेलने ठरवलं.

एका घरात इतकी वर्षं काढून, कामापुरता आधार सोडला तर दोघींनी एकमेकींना कधी हात लावला नव्हता. गॅब्रिएलला मातीत ठेवला त्या दिवशीसुद्धा नाही. पहिले काही दिवस थेरेसाबाई चोळून घेताना पदर तोंडावर घेत. पुढे तो हनुवटीवर आला, मग बाजूला पडून राहू लागला. पोटही तेवढंच सैल झालं. डावीकडे खाली हाताला लागणारा कठीण गोळा हळूहळू मऊ होऊ लागला.

एका सकाळी इझाबेलचा हात बेंबीखालच्या पांढुरक्या रेघांवरून फिरत असताना थेरेसाबाई म्हणाल्या, "त्या गॅब्रिएलच्या. रिटा बारीक होती, तिने काही ठेवलं नाही."

इझाबेलचा हात तिथेच थांबला. तिच्या स्वतःच्या पोटावर काहीच नव्हतं.

"फिरव ना," थेरेसाबाई म्हणाल्या.

आणि मग पोट साफ होऊ लागलं. आधी एक दिवसाआड, मग बहुतेक रोज. खुर्चीवरून उठून थेरेसाबाई काठी टेकत पडवीत आल्या आणि भाकरी मागितली, तेव्हा इझाबेलला चुलीपाशी हसू आलं. भाकरी थापता थापताच ते मावळलं. आता सांगायला हवं होतं.

त्याच आठवड्यात ॲन्सेल्म आला. म्हातारी अंगणात उन्हाला बसलेली पाहून तो विहिरीपाशी थांबला. विहिरीचं पाणी आताशा मचूळ लागू लागलं होतं. त्याने चूळ भरून थुंकलं.

"ईस्टर झाला की फादर देवळात सगळ्यांसमोर लग्नासाठी तुमची नावं वाचणार. तिला तिथे कळावं असं वाटतं का तुला?"

"सांगते."

"केव्हा?"

ती दोर गुंडाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तेलाची वाटी घ्यायला गेली तर वाटी जागेवर नव्हती. थेरेसाबाई आपल्या आपण उशी घेऊन आडव्या झाल्या होत्या. बोटं तेलाने माखलेली होती. हात डावीकडून वर चालला होता.

"उलटं होतंय, आई. सरका, मी करते."

"तू नको करू. मला दाखव."

"मी आहे ना."

"आज आहेस."

इझाबेल खाटेच्या कडेला बसली. थेरेसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाताळाच्या आधी सिप्रियनची आई आली होती. तू पापडीच्या बाजाराला गेलेलीस. सून कशी आहे, विचारत होती."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"तेव्हा काहीच नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही तिला." त्यांनी बोटं पुन्हा तेलात बुडवली. "मग काही दिवसांनी निरोप धाडला."

"काय निरोप?"

"चांगली आहे, न्या म्हटलं. हात धर माझा. किती दाबायचं ते कळत नाही."

इझाबेलने आपला तळहात त्यांच्या हातावर ठेवला. सुरकुतलेला, हाडं लागणारा हात. तो तिने उजवीकडे खाली नेला, वर सरकवला, बरगड्यांखालून आडवा घेतला. दोघींचे हात असे अनेकदा फिरले. तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली पडलं. कुठे पडलं ते दोघींनीही पाहिलं नाही.

"काढ आता," थेरेसाबाई म्हणाल्या. "एकटीला जमतंय का बघते."

जमत होतं. हात अगदी बरोबर फिरत होता.

मग त्यांनी गरम पाणी घेतलं, अर्धी भाकरी खाल्ली आणि त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. इझाबेलने पायांखाली पाट सरकवला, दार ओढून घेतलं आणि ती बाहेर उभी राहिली. आतून फुंकर घालण्याचा आवाज येत होता. एक, मग दुसरी, मग लांबलेली. ऊन पडवीतून अंगणात उतरलं. शेजारची सालोमी फुलांची टोपली घेऊन निघून गेली. फुंकर थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली.

अखेर दार उघडलं. थेरेसाबाई चौकट धरून उभ्या होत्या. कपाळ घामाने भिजलं होतं.

"झालं?" इझाबेलने विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

"सगळं तसंच केलं," त्या म्हणाल्या. "सैल सोडलं होतं मी."