माझ्या अंगावरची पाटी

मी प्रार्थनामंदिरातला मेज बोलतोय. प्रभूची भाकर आणि द्राक्षारस माझ्यावरच ठेवतात. क्षमेचे शब्द इतक्या जवळून ऐकूनही मला क्षमा जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मला एका सुतारानं घडवलं. पुढे माझ्यावरून मंदिराचे पाळकसाहेब आणि रविवारच्या शाळेचे मास्तर या दोघांची जुंपली. पाळकसाहेब म्हणायचे, "ही वेदी आहे. पापाला रक्त हवं. ते प्रभूनं आपल्या जागी दिलं." आणि मला भिंतीला टेकवायचे. मास्तर म्हणायचे, "बाप कधी रक्ताला तहानलेला असतो का हो? त्यानं प्रेमापायी जीव दिला. हा जेवणाचा मेज आहे." आणि मला मधोमध ओढायचे. या ओढाताणीत माझा पाय निखळायचा. तो बसवताना सुतार हसायचा, "भांडा खुशाल. तुमचं पटलं तर माझ्या पोटावर पाय!"

मग मनोऱ्याची दुरुस्ती निघाली. सुतार माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, "साहेब, परांचीचा दोर कुजलाय. दोन दिवस द्या."

"रविवारी पाहुणे येणार. देव सांभाळेल. चढ तू," पाळकसाहेब म्हणाले.

मास्तर तिथंच होते. त्यांनी चष्मा पुसला.

दुपारी सुतार पडला आणि गेला.

महिन्याभरात माझ्या दर्शनी फळीवर पितळी पाटी ठोकली: 'मंदिरासाठी बलिदान'. पाटी लावायच्या सभेतही दोघांची जुंपलीच. देवानं हा बळी स्वीकारला, की सुताराचं दुःख स्वतः भोगलं? तासभर खल चालला. समोर सुताराची कॉलेजात जाणारी मुलगी बसली होती. ती उठली, तशी आईनं तिची ओढणी ओढली. "गप गं. मोठी माणसं बोलतायत."

"मोठी माणसं बोलतात आणि खाली पडतात बाबा!" ती पुढे आली. "प्रभू आपणहून गेला, हे तुम्हीच शिकवलंत ना? बाबा आपणहून नाही गेले. दोराचं घरी सांगून निघाले होते. तुम्ही चढवलंत त्यांना. आणि मास्तर, तुम्ही बघत राहिलात. आधी कबूल करा. प्रायश्चित्ताचा अर्थ मग सांगा."

दोघं पहिल्यांदाच एकमतानं आपापलं बायबल चाळू लागले.

तिनं पिशवीतून बापाची पटाशी काढली आणि पाटी उचकटली. मला दुखलं. बरं वाटलं.

आता तिथं चार भोकं आहेत. परवा पाळकसाहेब ती बुजवायला लांबीचा लगदा घेऊन आले होते. भरू देऊ नका त्यांना. आधी त्यांनी कबुलीसाठी तोंड उघडावं. तोवर दर रविवारी भाकर मोडताना त्यांच्या बोटांत माझी कुसळं घुसतील. ती मी मुद्दाम उभी ठेवली आहेत.