शिकायला आलेले हात

धाकट्या भावाला घरात सगळे होयबा म्हणत, कारण 'नाही' म्हणणं त्याला जन्मात कधी जमलं नाही. मलेरियाने हुडहुडी भरून तो इस्पितळात पडला, औषधांनी ताप उतरला, आणि ताईला वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात मोठे डॉक्टर शिकाऊ पोरापोरींचा घोळका घेऊन खाटेशी आले.

"डाव्या बरगडीखाली दाबून बघा. पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजलीय. इतकी मोठी रोज हाताला लागत नाही."

एकेकाने दाबलं. सकाळी दाबलं, आणि परीक्षा तोंडावर आलेली म्हणून संध्याकाळी येऊन पुन्हा दाबलं. बाजारात कलिंगडसुद्धा लोक इतकं चाचपत नाहीत! होयबा ओठ चावून हसायचा. ताईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, डावा खांदा फार दुखतोय गं."

पोटाच्या दुखण्यात खांदा कुठून आला? ताईने मोठ्या डॉक्टरांना विचारलं. "झोपून अवघडला असेल," म्हणाले, आणि घोळक्याला पुढे बोलावलं.

ताई खाटेला आडवी उभी राहिली. "आता कुणी हात लावायचा नाही."

"बाई, इथे उपचार फुकट होतात. मुलं शिकणार कशावर?"

"असू दे गं ताई," होयबा म्हणाला. "त्यांचीही परीक्षा आहे."

घरचाच माणूस उलटल्यावर भांडायचं कुणाशी? ताई चरफडत बाजूला झाली. शेवटच्या पोराला काही लागेना, म्हणून त्याने जोर लावला. होयबा किंचाळला. त्याला दरदरून घाम फुटला आणि तो पांढराफटक पडला.

पाणथरी फाटून पोटात रक्त साठलं होतं. ती काढूनच टाकावी लागली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वाचला. खांदा दुखत होता ना, तेव्हाच पाणथरीतून रक्त झिरपायला लागलं होतं. पण यापुढे साधा ताप आला तरी अंगावर काढायचा नाही, लगेच यायचं. रोगाशी झुंजायला त्याची पाणथरी आता नाही."

ताई भिंतीला टेकून ढसाढसा रडली. मग मोठे डॉक्टर आले, मागे घोळका होताच.

"मलेरियात होतं असं कधीकधी," ते म्हणाले. "पाणथरी आपोआप फाटते."

पोरं खाली मान घालून उभी राहिली.

"आपोआप?"

ताईने पदराने डोळे पुसले, सरळ त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या डाव्या बरगडीखाली चार बोटं खुपसून अंगातलं सगळं बळ लावलं.

"अहो बाई! काय करताय हे?"

"शिकतेय," ताई म्हणाली, आणि तिने हात काढला नाही.