मानाच्या आरतीची सुधारित यादी

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळात घरं जेमतेम चाळीस आणि भांडण एकच. गणपतीच्या पहिल्या दिवशी आरतीचं तबक आधी कोणाच्या हातात द्यायचं, हे ते भांडण. ज्याचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर जितके लवकर इथे आले, तितका त्याचा मान वरचा. पहिला मान अध्यक्ष गोपाळरावांचा, तिसरा बापूरावांचा, चौथा आमच्या घराचा. सगळ्यांत शेवटी 'इतर'. इतर म्हणजे रेल्वेच्या नोकरीपायी भुसावळ-नागपुराकडून आलेली मंडळी. त्यांना इथे येऊन तीस-तीस वर्षं झाली, तरी आमच्या लेखी ती कालची.

बापूराव तिसरे आणि आम्ही चौथे, हे मला कधीच पटलेलं नाही. त्यांचे पूर्वज आमच्या मागून आले, असं माझे सासरे शपथेवर सांगायचे. पुरावा दोघांकडेही नाही, म्हणून तर वाद इतकी वर्षं टिकून आहे.

मी इंदिरा. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि मंडळाची चिटणीस झाले. बडा बाज़ारमागच्या मंडळाच्या खोलीत एक जुना संगणक आहे. त्यावर मी नऊ वर्षं एकच काम केलं, आमच्या घरांतले जुने शब्द गोळा करण्याचं. आमच्या सुना आता आमटीच्या डावाला करछुल म्हणतात. ओगराळं म्हटलं की हसतात. माझी नात श्रेया मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देते, आणि मलाच सांगते की आजी, समझ तो सब आता है. ओगराळं, रोवळी, तसराळं असे अडीच हजार शब्द मी अर्थासकट लिहिले. त्यांतले निम्मे दतिया गेटच्या गोदूबाईंचे. वय एक्क्याण्णव, दात दोन, स्मरणशक्ती सगळी शाबूत. त्या ई-रिक्षात बसून मंडळात यायच्या, शेजारी खुर्ची ओढून सांगायच्या आणि मी थेट टाइप करायची. नागपंचमीला त्यांनी साठ शब्द सांगितले. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी त्या गेल्या. ते साठ शब्द कागदावर कुठेच नव्हते, फक्त त्या संगणकात होते.

संगणकाची काळजी देवेंद्र घ्यायचा. तो 'इतरां'पैकी, रेल्वेच्या सिग्नल खात्यातला. लाल दिवा दिसला की थांबायचं, हे त्याच्या रक्तात आहे. आमच्या लोकांना लाल दिवा नेहमी दुसऱ्यासाठी लागलाय असं वाटतं. त्याने दोन डिस्क आणल्या. एका महिन्यात एकीवर सगळं उतरवायचं, पुढच्या महिन्यात दुसरीवर. उतरवून झालं की डिस्क काढून गणपतीच्या चांदीच्या तबकाशेजारी कपाटात ठेवायची, संगणकाला लावून ठेवायची नाही. दिवस मी सुचवला, संकष्टीचा. आमच्या लोकांना तारखा आठवत नाहीत, उपास आठवतात.

त्याने सांगितलेले नियम मी माझ्या सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले. मेलसोबत आलेली फाइल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. नाव ओळखीचं असलं तरी विचारा. फाइलच्या वर पिवळी पट्टी आली आणि 'एनेबल कंटेंट' दिसलं, तर त्या बटणाला हात लावू नका. खाली मी सही केली, चिटणीस म्हणून. बापूरावांनी एकदा कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका न विचारता उघडली, तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर हा पुठ्ठा मोठ्याने वाचायला लावला होता. माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हेही खरं.

श्रावणातल्या संकष्टीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या पत्त्यावर एक मेल आला. विषय होता 'मानाच्या आरतीचा क्रम', नाव गोपाळरावांचं, सोबत एक फाइल. संकष्टीच्या दिवशी देवेंद्रने नेहमीप्रमाणे डिस्क भरली आणि कपाटात ठेवली. त्यानंतर आठ दिवसांनी मी संगणक सुरू केला तर पडदा लाल. वर इंग्रजीत धमकी, की तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, सोडवायच्या तर पैसे पाठवा. माझ्या शब्दांच्या फाइलचं नाव तेवढं दिसत होतं. उघडायला गेलं की नुसती चिन्हांची खिचडी. मी खुर्चीत बसून रडले. लाज वाटायला हवी होती, पण ती नंतर आली.

लाज कशाची, तेही सांगून टाकते. ती फाइल मी उघडली होती. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, त्या पुठ्ठ्याच्या बरोबर खाली बसून. गोपाळरावांना फोन केला नाही, कारण फोन केला असता तर मला यादी बघायची घाई झाली आहे हे त्यांना कळलं असतं. आम्ही तिसरे झालो का, एवढंच मला बघायचं होतं.

गणपतीला सात दिवस उरले असताना सभा भरली. एरवी कोरम जमत नाही, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. देवेंद्रने उभं राहून समजावलं.

"हा मेल गोपाळरावजींनी पाठवलेला नाही. मंडळातल्याच कुणाच्या तरी घरचा संगणक आधी बिघडलाय. ही कीड तिथले जुने मेल वाचते, आणि ज्या विषयावर लोक सगळ्यांत जास्त बोलतात, त्याच विषयावर उत्तर पाठवते. म्हणजे समोरचा हमखास उघडतो."

"आपण कशावर जास्त बोलतो?" गोपाळरावांनी विचारलं.

"आरतीच्या क्रमावर. गेल्या वर्षीच्या मेलला त्रेसष्ट उत्तरं आहेत. वर्गणीच्या मेलला दोन."

देवेंद्रने दोन्ही डिस्क टेबलावर ठेवल्या.

"ही आषाढातली. नक्की चांगली आहे, पण हिच्यात गोदूबाईंचे शेवटचे शब्द नाहीत. ही श्रावणातली, हिच्यात ते आहेत. फाइल संकष्टीच्या आधी उघडली असेल, तर हिच्यावरही कीड गेली असणार, मग मी ही नव्या संगणकाला लावू देणार नाही. नंतर उघडली असेल, तर सगळं सुखरूप आहे. मला नाव नको. फक्त दिवस सांगा."

"जिसने खोली ही नहीं, वह दिन कहाँ से बताए, भैया?" गोपाळराव म्हणाले. अवघड प्रसंगी ते हिंदीत शिरतात. "अशा याद्या बघायची इथे कुणाला हौस आहे?"

कुणालाच नव्हती. एकेकाने उठून सांगितलं. मानाचं आम्हाला काही नाही, देव सगळ्यांचा सारखा, आम्ही तर आरती मागे उभं राहूनही म्हणू. त्रेसष्ट उत्तरं मग गणपतीनेच लिहिली असावीत. मीही मान हलवत होते.

शेवटी सगळ्यांच्या नजरा बापूरावांकडे वळल्या. चोर सापडत नसला की आधी पकडलेला बरा पडतो. गोपाळराव म्हणाले, "बापूराव, खोलीची किल्ली तुम्ही मंडळाकडे जमा करा. राग मानू नका."

बापूरावांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मी आहे तिसरा," ते म्हणाले. "मला यादी कशाला बघायची? ज्याला पुढे सरकायचंय, तो बघेल."

टेबलावर किल्ली, शेजारी श्रावणाची डिस्क. मला गोदूबाईंची ती ओढलेली खुर्ची आठवली. मी गप्प राहिले तर देवेंद्र आषाढाची डिस्क लावणार, आणि म्हातारीचे साठ शब्द मी माझ्या हाताने पुसल्यासारखं होणार. मी उभी राहिले.

"संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी," मी म्हणाले. "सकाळी साडेदहाला. मी उघडली."

"त्याआधी कुणी उघडली नव्हती कशावरून?" देवेंद्रने शांतपणे विचारलं.

"मेल ठळक अक्षरांत होता, न वाचलेला. तोवर कुणी हात लावला नव्हता."

"आणि पिवळं बटण?"

"दाबलं. दोनदा. पहिल्यांदा काही दिसलं नाही म्हणून."

देवेंद्रने भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं. मी बापूरावांसमोर जाऊन किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चुकलं माझं, बापूराव." आता उणंदुणं निघणार, चिटणीसपद जाणार, अशी मी मनाची तयारी केली.

गोपाळरावांनी घसा साफ केला. "ते ठीक आहे, इंदिराताई. पण क्रम काय होता?"

"कसला क्रम?"

"यादीतला. तुम्ही बघितली ना?"

"यादी नव्हतीच. नुसतं धुरकट पान होतं."

"म्हणजे तुम्हाला नीट दिसली नाही," मागून कुणीतरी म्हणालं. खुर्च्या पुढे सरकल्या.

"तिसरा कोण होता?" बापूरावांनी विचारलं.

दोन दिवसांनी देवेंद्रने नव्या संगणकाला श्रावणाची डिस्क लावली. बघायला सगळे आले होते. शब्दांसाठी आले, असं ते म्हणत होते. फाइल उघडली. मी थेट शेवटच्या पानावर गेले, आणि गोदूबाईंचे साठच्या साठ शब्द तिथे होते. मला पुन्हा रडू आलं, पण या वेळी मी ते लपवलं नाही.

शेवटची नोंद काय होती, हे मी विसरून गेले होते. मी ती मोठ्याने वाचली.

"मानपान: पंगतीतला भात निवेपर्यंत जे चालतं ते. सांगणाऱ्या, गोदूबाई."

देवेंद्र हसला. बाकीचे विचारात पडले. मग गोपाळराव म्हणाले, "कोश छापाल तेव्हा शब्द सांगणाऱ्या घरांची नावं घालणार असाल ना? ती कोणत्या क्रमाने घालणार?"

"पहिल्या गोदूबाई," मी म्हणाले. "बाकी सगळे इतर."

देवेंद्रने डिस्क काढली, चांदीच्या तबकाशेजारी ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.