जबडा राह्यला

आशाताई दैवशालानं समाजमंदिरात हृदयविकाराची बैठक घेतली, तर तक्ते बघून बाया पेंगायला लागल्या. मग तिनं नाटक मांडलं. छातीत कळ आलेला माणूस व्हायला कुणी उठेना, म्हणून नंदाबाई उठली. छातीवर मूठ दाबली, पदरानं कपाळ पुसलं, डावा हात चोळला आणि सतरंजीवर बसकण मारली. बाया पोट धरून हसल्या.

"जबडा राह्यला, नंदाबाई," दैवशाला म्हणाली. "काहींचा जबडाबी दुखतो. गॅस म्हणून बसू नका. माणसाला चालवू नका. गाडी करा."

खिडकीबाहेर पारावर कडूबा होते, नंदाबाईचे भाया, नवऱ्याचे थोरले भाऊ. भाया भावजयीशी बोलत नाही, भावजय भायापुढं तोंड उघडत नाही. कडूबांनी शेजारी बसलेल्या अंगदला सांगितलं, "घरी म्हणावं, स्वयंपाकातबी असंच ध्यान घाल." अंगद तिचा नवरा. निरोप पोचवायचं काम लग्नापासून त्याच्याकडंच.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका थंड सकाळी कडूबा ओट्यावर खुर्चीत टेकले. "गॅस झाला. सोडा आण," ते अंगदला म्हणाले.

नंदाबाईनं दारातून पाहिलं. एवढ्या गारठ्यात सदरा ओला. मूठ छातीवर. हे तर आपलंच नाटक, तिच्या मनात आलं, फक्त आपल्यापेक्षा वाईट वठवून राह्यले. तेवढ्यात कडूबांनी जबडा चोळला, आणि तिचं हसू जागीच विरलं.

"जीप काढा," ती अंगदला म्हणाली. अंगद घनसावंगी-जालना सवारी मारायचा, जीप दारातच होती.

"रात्री मटण झालतं, गॅसच असंल. सोडा तर पिऊ दे."

"तिला म्हणावं, आत जाय," कडूबा म्हणाले आणि उठायला लागले.

नंदाबाई ओट्यावर आली. पदर डोक्यावर होता, नजर मात्र सरळ भायाच्या तोंडावर. काय म्हणून हाक मारायची तेही तिनं कधी ठरवलं नव्हतं, म्हणून हाक न मारताच बोलली.

"उठायचं न्हाई. एक पाऊल चालायचं न्हाई. खुर्चीसगट उचलून ठेवतेत तुम्हाला जीपमधी."

कळेनं म्हणा की भावजय बोलली म्हणून म्हणा, कडूबा मटकन बसले. अंगदनं आणि शेजारच्या पुंजारामनं खुर्ची उचलली. मागच्या सीटवर नंदाबाई त्यांना धरून बसली. जालन्यापर्यंत अंगदनं वाटेत एकही सवारी घेतली नाही.

"हृदयाची नस बंद पडलती," डॉक्टर म्हणाले. "उघडली. सोडा पीत बसले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

पुढच्या बैठकीला बाप्येही आले. दैवशालानं विचारलं, "पेशंट कोण होईल?" तर बाप्यांच्या बाजूनं कडूबा उठले. मूठ दाबली, कपाळ पुसलं, हात चोळला, सतरंजीवर बसले. अंगात आता सरावच होता.

"जबडा राह्यला," बायांमधून नंदाबाई बोलली.

शेजारणीनं तिचा पदर ओढला. कडूबा सवयीनं अंगदकडं वळले. "तिला म्हणावं..." आणि थांबले. मग मान फिरवून तिच्याकडंच बघितलं.

"धरतो, नंदा," म्हणाले, आणि मुकाट जबडा धरला.